कुंभार्ली उतरण्याआधी: ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे का ओढते?

कराडहून गुहागरला जाताना पाटणपर्यंत रस्ता सोपा आहे. कोयनानगर, हेळवाक मागे पडलं की कुंभार्ली घाटाची उतरण लागते. म्हणून ब्रेकची शंका पाटणातच फेडून घ्यावी.

या खेपेला ब्रेक दाबला की स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं. ब्रेक न लावता गाडी सरळ चालत होती, म्हणजे अलाइनमेंटवर (चाकांच्या सरळ रेषेवर) संशय कमी. रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे डावीकडची किंचित ओढ रस्त्याची असू शकते; उजवीकडची गाडीचीच. पुढच्या दोन्ही टायरांत हवा सारखी, ३२ पीएसआय.

गाडी उजवीकडे ओढते म्हणून उजवा ब्रेक उघडायला बसू नये. उजवा जास्त धरतोय की डावा कमी, हे आधी ठरवायचं. मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाने चार-पाच वेळा मध्यम ब्रेक लावले, थांबून दोन्ही रिमांजवळ हाताची मागची बाजू धरली. (डिस्कला, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या तबकडीला, हात लावू नका, चटका बसतो.) उजवं चाक नेहमीसारखं गरम, डावं बरंच थंड. दोष डावीकडे.

पाटणच्या गॅरेजमध्ये डावं चाक काढलं. डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पॅडपैकी आतला ३ मिमी, बाहेरचा ८. असा फरक दिसला की कॅलिपरची (पॅड धरणाऱ्या भागाची) स्लाइड पिन, म्हणजे तो ज्यावर सरकतो ती पिन, जाम. पिस्टन आतला पॅड दाबतो, पण कॅलिपर सरकत नाही, म्हणून बाहेरचा पॅड डिस्कला नीट टेकतच नाही. पिनेचं रबर फाटलेलं, आत गंज. समुद्राकाठच्या गाड्यांत हे फार दिसतं. पावसाळा संपला की पिना काढून बघायलाच हव्यात.

पिन घासून साफ केली, नवं रबर घातलं, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे बदलले. एकाच बाजूला नवे घातले तर ओढ तशीच राहू शकते. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइल टाकीतून वर येतं, त्यावर लक्ष हवं, कारण ते रंग खातं. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं.

दोन्ही चाकं सारखी तापूनही ओढ असेल तर लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बघा. ब्रेक सोडल्यावरही चाक अडकून राहत असेल तर गाडी जॅकवर असताना निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) जरा सैल करा. चाक मोकळं झालं तर बहुधा ब्रेकचा रबरी होज पाइप आतून फुगलाय. नाही झालं तर पिस्टन किंवा पिन. निपल उघडला की ब्रेकच्या पाइपात शिरलेली एअर काढणं आलंच.

नवे पॅड घेऊन लगेच घाटात शिरू नये. कोयनानगरच्या वाटेवर ५० वरून १० पर्यंत, मध्ये गार होऊ देत, आठ-दहा ब्रेक लावले. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. खाली पोफळीला पुन्हा हात धरून पाहिलं, दोन्ही रिम सारखेच गरम होते.