बाकीच्यांनी काय करायचं?

ऑफिसमधल्या लैंगिक छळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न तिलाच विचारतात, तू तेव्हाच का नाही बोललीस, एक कानाखाली का नाही वाजवलीस. मला याचा प्रचंड राग येतो. अहो ज्याने हात लावला तोच तिचं अप्रेझल भरणार असतो, तिच्या घराचा हप्ता त्याच नोकरीवर चाललेला असतो, आणि तसं काही अचानक झालं की कित्येकदा तोंडातून शब्दच फुटत नाही. म्हणून मला दुसरंच विचारायचंय आणि पुरुषांनाही विचारायचंय, की तिथे जे बाकीचे असतात त्यांनी काय करायचं?

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचं सांगते. बॉस रात्री उशिरा नको ते मेसेज करायचा, टीममधल्या तिघीचौघींना माहीत होतं, कॅन्टीनमध्ये सगळ्या तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, स्क्रीनशॉट बघून शिव्या घालायच्या. तिने तक्रार केली आणि ऑफिसच्या तक्रार समितीने त्या मुलींना साक्षीला बोलावलं तर एकजात उत्तर, मला नीट आठवत नाही. ती म्हणते मला त्या माणसापेक्षा हे जास्त लागलं. मी त्या मुलींना सरळ दोष देऊ शकत नाही, त्यांनाही घरं आहेत, पण त्या बोलल्या असत्या तर निकाल वेगळा लागला असता असं मला ठामपणे वाटतं.

आपल्याकडे कायदा आहे, आणि तो कोणाच्या जिवावर आलाय हे माहीत असायला हवं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी, सरकारी योजनेत साथिन म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या म्हणून काम करायच्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या आपलं कामच तर करत होत्या! खालच्या कोर्टाने 1995 मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं. मग महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून देणारा विशाखा निकाल आला आणि त्याचा कायदा व्हायला 2013 साल उजाडलं.

कायदा म्हणतो दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष वरच्या पदावरची बाई, निम्म्याहून कमी बायका चालणार नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची, कारण पटलं तर समिती अजून तीन महिने वाढवू शकते, लेखी देणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं समितीचंच काम आहे. चौकशी चालू असताना तिला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. आणि खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनी हेही वाचावं, की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय.

पण समिती असणं आणि ती नीट चालणं यात फार अंतर आहे. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात समितीने शेवटी शेवटी इतकी घाई केली की मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाईच रद्द केली, आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून, आणि चौकशी 2009 च्या मे महिन्यात जिथे होती तिथून पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं! तक्रार करणाऱ्या मुलींनी तोवर काय करायचं? घाईघाईत उरकलेली चौकशी तिच्याही उपयोगाची नसते, हे समितीवरच्या लोकांना कोणीतरी शिकवायला हवं ना.

तर मला तुमच्याकडून ऐकायचंय. कोणी साक्ष दिली असेल तर धीर कशाने आला, नंतर ऑफिसात तुमच्याशी लोक कसे वागले. समितीवर बसला असाल तर साक्षीदार बोलता करायला काय उपयोगी पडलं, माझ्या मते साक्षीदाराचं प्रमोशन आणि बदली काही काळ त्या बॉसच्या हातात असूच नये, तुम्हाला पटतं का? पुरुषांनो, मित्रच असं वागताना दिसला तर तिथल्या तिथे "बास कर" म्हणता येतं का, की एकट्यात गाठून बोललेलं बरं?

आणि अजून एक, ज्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही. घरकाम करणाऱ्या बायकाही याच कायद्यात येतात, म्हणजे आपलं घर हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे. त्यांच्यासाठी आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी, किंवा मालकाविरुद्धच तक्रार असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींना ती माहीत आहे का, आणि दुसऱ्या घरचे साहेब त्रास देतात असं उद्या त्यांनी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही त्यांच्यासोबत तिथपर्यंत जाल का?