मृत्यूची तारीख कुठून आणायची?

दोन वर्षं झाली तरी दंगलीच्या भरपाईच्या त्या काउंटरची आठवण आली की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतेय, कुणाच्या तरी कामी येईल.

माझे मामू जानेवारी 1993 च्या दंगलीत मुंबईत बेपत्ता झाले. वर्कशॉपमधून राहिलेला पगार आणतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. मामी दोन पोरांना घेऊन रत्नागिरीकडे गावी आली, भाड्याची खोली गेली, शिलाई मशीन तिकडेच राहिली. सरकारी पत्रं त्या जुन्या खोलीवर जात असतील तर माहीत नाही, आमच्या हातात एकही पडलं नाही. बेपत्ता 168 जणांपैकी 60 घरांनाच भरपाई मिळालेली, उरलेल्या 108 मध्ये आम्ही. मग 4 नोव्हेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या घरांना शोधा आणि 2 लाख द्या, वर 22 जानेवारी 1999 पासून 9 टक्के व्याज. हे आम्हाला शेजारच्या पोराने मोबाईलवर बातमी दाखवली तेव्हा कळलं.

अर्ज, फोटो, आधार, सगळं पटापट झालं. अडलं ते एका ऑफिसात. "मृत्यूचा दाखला आणा." साहेब, माणूस बेपत्ता आहे, दाखला कोण देणार? "मग मृत्यूची तारीख तरी सांगा, कॉलम रिकामा चालत नाही." रात्रीच्या एसटीने येऊन सकाळी दहाला लाईनीत उभं राहायचं, दोनला हे ऐकायचं आणि परत. असे तीन खेटे झाले. गुडघे दुखणारी मामी तिथे जिन्यावर बसून असायची, खुर्ची पण कोणी देईना. तिसऱ्या वेळी काउंटरवरचा माणूस म्हणाला, "टाका ना एखादी तारीख, काय फरक पडतो." मामी तोवर कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, "तारीख माहीत असती तर मी त्या दिवशी फातिहा (गेलेल्या माणसासाठीची दुआ) दिला असता. तीस वर्षं दिलेला नाही." तो खाली मान घालून कागद चाळत बसला, पण अर्ज काही घेतला नाही.

इथे मी एक मोठी चूक केली, तिन्ही वेळा तोंडीच बोलत राहिले. नकार लेखी मागा, आणि काहीही दिलंत तर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, हे मला आधी माहीत असतं तर तीन खेटे वाचले असते. वकीलबाईंनी एक पानी अर्ज लिहिला, की सात वर्षं ज्याची खबर नाही तो हयात नाही असं कायदाच धरतो, आणि कोर्टाचा आदेशच बेपत्तांच्या घरांसाठी आहे, तेव्हा तारखेसाठी अडवू नये. सोबत निकालाची प्रत जोडली. तोच अर्ज त्याच काउंटरवर दहा मिनिटांत घेतला गेला! बाहेर येऊन मी रडलेच.

हो, एक राहिलं, 1993 च्या पोलीस तक्रारीचा कागद मामीने पत्र्याच्या ट्रंकेत प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवला होता, सगळं त्याच्यावर उभं राहिलं. तुमच्याकडे नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा, 10 रुपये फी. नावात फरक असेल (आमच्याकडे रेशनकार्डवर एक, तक्रारीत दुसरं) तर प्रतिज्ञापत्र आधीच करून न्या.

पैसे आले. वर्षाला 18 हजार धरून व्याजच मुद्दलाच्या दुप्पट झालं होतं, ते ऐकून लोक म्हणाले बरंच मिळालं की. पण मोठा मुलगा सातवीत शाळा सोडून आंब्याच्या बागेत गेला, ती मशीन, ती खोली, यातलं काही कुठल्या कॉलममध्ये नव्हतं. हे पैसे 1999 ला मिळाले असते तर धाकटी तरी शिकली असती, मला याचाच राग आहे.

कोकणात तेव्हा मुंबई सोडून परत आलेली अशी घरं अजून असतील. कुणी माहीत असेल तर आधी त्यांच्या ट्रंकेतला कागद शोधायला सांगा.