निम्मे पैसे आपले

नगरहून बीडच्या गाडीत बसलो होतो. कडा गेलं तसं समोरच्या काकांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मला विचारलं, "रेल्वे दिल्लीची ना? मग आपल्या सरकारनं ह्यात पैसे कशाला घातले वो?"

प्रश्न साधा, पण डोक्यातून जाईना.

आमच्या लहानपणी कुठल्याही पुढाऱ्याला रेल्वेचं विचारा, "तो केंद्राचा विषय" म्हणून हात वर. नगर-बीड-परळी मार्ग, 261 किलोमीटर, 1995 पासून मंजूर! पुढे राज्याने निम्मा खर्च उचलायचं कबूल केलं. वर्धा-यवतमाळ-नांदेडसाठी 40 टक्के. अखेर 17 सप्टेंबर 2025 ला बीडला गाडी आली. आता फ्लेक्सवर सगळ्याच पक्षांचे फोटो. (पैसे थकले तेव्हा कुणाचाच नव्हता.)

काकांना म्हटलं, दिल्ली एकटी देत नव्हती म्हणून घातले.

"मग समृद्धीला बरे लगेच मिळाले?"

बरोबरच आहे. 701 किलोमीटरचा रस्ता, घोषणा 2015 ची, 2025 मध्ये पूर्ण. तिथे वाटा कुणाचा, यावर कुणी वर्षं घालवली नाहीत.

परळीपर्यंतचं काम अजून बाकी आहे. उद्या सरकार बदललं तर हा निम्मा वाटा टिकेल, काय वाटतं?