बीएड नाही, बीकॉमच

मुलंबाळं असलेल्या बाईने पुन्हा शिकायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो तो बीएडचा. मला तो नणंदेने दिला, सोसायटीतल्या वहिनींनी दिला, मुलाच्या व्हॅनची वाट बघत गेटपाशी उभ्या असणाऱ्या एका आईनेही दिला. कारण सगळ्यांचं एकच, मुलांना सुट्टी तेव्हा आपल्यालाही सुट्टी. या सल्ल्यामागे माया आहे. पण मला शिकवायला आवडेल का, वर्गात चाळीस मुलांसमोर उभं राहायची मला हौस आहे का, हे कोणी विचारलं नाही. पुरुष तिशी-पस्तिशीत एमबीए करतो म्हणाला, तर त्याला मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत ते बसतं का असं कोण विचारतं?

मी बारावी कॉमर्स, २००५ची, बार्शीहून. लग्न होऊन पुण्यात आले, धायरीत राहते. सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी यंदा आठवीत गेली, मुलगा तिसरीत आहे. पदवी नाही ही गोष्ट इतकी वर्षं आत कुठेतरी टोचत होती. मुलगा पूर्ण दिवसाच्या शाळेत जायला लागला तेव्हा ठरवलं की आता शिकायचं. पण काय शिकायचं, यावर जेवढा विचार केला तेवढा लग्न ठरवतानाही केला नव्हता. त्याबद्दलच लिहितेय, कारण माझ्यासारख्या कितीजणी ‘मिळेल ते, सोयीचं पडेल ते’ म्हणून फॉर्म भरतात आणि वर्षभरात पुस्तकं माळ्यावर जातात.

माझं म्हणणं असं : शिकायची पद्धत घर बघून ठरवावी. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याची शिफ्ट, सासूबाईंचं दुखणंखुपणं, सगळं धरून ठरवावी. विषय मात्र स्वतःला विचारून ठरवावा. रात्री साडेनऊला ओटा आवरून झाल्यावर पुस्तक उघडायचं ते आपणच. तेव्हा घरातलं कोणी येऊन बसवणार नसतं.

बीएडचा हिशोब मी तरीही नीट मांडून पाहिला. आधी तीन वर्षं पदवी. मग दोन वर्षं बीएड, तेही रोज हजर राहून आणि शाळेत जाऊन पाठ घेऊन. दूरस्थ बीएड असतं, पण ते आधीपासून शिक्षक म्हणून काम करणाऱ्यांसाठी. पुढे पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. एवढा रस्ता ज्यांना शिकवण्याची ओढ आहे त्यांनी जरूर चालावा. नुसत्या सुट्टीसाठी तो फार लांबचा आहे.

‘मग बीए कर, सोपं असतं,’ हा दुसरा सल्ला. यावर वाद घालण्यापेक्षा मी वाचून बघितलं. इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, अभ्यासाची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’ या त्यांच्या साइटवर फुकट वाचायला मिळतात, प्रवेश घेतलेला नसला तरी. शिकायचा विचार करणाऱ्या प्रत्येकीने फॉर्म भरण्याआधी हे करावं, असं मी हात जोडून सांगेन. मी मानसशास्त्राची पुस्तकं काढली, शिक्षणशास्त्राची काढली, बीकॉमची काढली. रोज रात्री यातलं थोडं थोडं वाचायचं असं ठेवलं. मानसशास्त्र गोष्टीसारखं वाचलं गेलं, छान वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरलं नाही. अकाउंट्सचं पुस्तक उघडलं की आपोआप हातात पेन्सिल यायची, समासात आकडेमोड सुरू व्हायची. घसाऱ्याचं, म्हणजे वापराने वस्तूची किंमत घटते त्या हिशोबाचं, एक उदाहरण सुटेना, तर दुसऱ्या दिवशी बसमध्येही तेच डोक्यात होतं. तिथेच मला उत्तर मिळालं.

अकाउंट्स म्हणजे रुक्ष विषय, असं लोक धरूनच चालतात. मला तसं कधी वाटलं नाही. एक प्रसंग सांगते. ऑफिसात एका गृहनिर्माण सोसायटीचा ताळमेळ लागत नव्हता. पासबुक आणि आमचं बँक बुक यांच्यात १८० रुपयांचा फरक. रक्कम लहान, पण फरक तो फरकच. सरांनी मला सुरुवातीलाच शिकवलं होतं की फरक नऊने भागला जात असेल, तर आधी आकडे उलटसुलट झालेत का ते बघायचं. १८० ला नऊने पूर्ण भाग जातो. मग मेंटेनन्सच्या पावत्या एकेक करून लावल्या आणि सापडलं : ४,५३० ची पावती ४,३५० अशी चढली होती. पाच आणि तीन यांनी जागा बदलल्या होत्या.

घरी हे मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, “आई, पण नऊच का? आठ का नाही?” मला नियम माहीत होता, कारण माहीत नव्हतं. तिने वही ओढली. दशकस्थानी अ, एककस्थानी ब, म्हणजे संख्या १०अ + ब. उलटी केली की १०ब + अ. वजाबाकी केली, तर उरतात ९अ वजा ९ब. “म्हणजे कोणतेही आकडे घे, नऊ येणारच!” एवढ्या वर्षांच्या कामात मी वापरत आलेली युक्ती माझ्या आठवीतल्या मुलीने बीजगणितातून सोडवून दाखवली. त्या रात्री आम्ही दोघी किती वेळ वेगवेगळ्या संख्या उलट्या करून बघत बसलो होतो. मला याच्यामागचं कारण शिकायचंय. कामापुरतं मला येतं. ते असंच का, हे कळायला पद्धतशीर शिक्षण लागतं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी फार जणींना माहीत नसते. जीएसटी १ जुलै २०१७ला आला, तेव्हापासून विवरणपत्रं भरण्याचं बरंच काम माझ्याच हातून जातं. सही अर्थातच सरांची. हे काम स्वतःच्या नावावर करायचं तर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते, त्यासाठी परीक्षाही असते. पण पदवीच्या वाटेने जायचं तर ती वाणिज्य, कायदा, बँकिंग, व्यवसाय प्रशासन अशा विषयांतली लागते. बीए चालत नाही. म्हणजे ‘कोणती का असेना, एक पदवी घे’ म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं, तर तीन वर्षं घालवून मी त्याच दारापाशी बाहेर उभी राहिले असते. तुम्हाला जे काम करायचंय त्याच्या नियमात पदवी कुठल्या शाखेची मागितली आहे, ते आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. शिवाय बीकॉमला ५५ टक्के पडले की सीएच्या इंटरमीजिएटला थेट नाव घालता येतं, फाउंडेशन ही पहिली परीक्षा द्यावी लागत नाही. माझी उडी तिथवर जाईल की नाही तो पुढचा विचार, पण दार उघडं राहील.

विषय ठरल्यावर पद्धतीचा प्रश्न सोपा झाला. रोजचं कॉलेज शक्यच नव्हतं, हजेरीची अट आणि नोकरी एकत्र जमत नाही. पुणे विद्यापीठाचं मुक्त अध्ययन प्रशालेतलं बीकॉम बघितलं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही बघितलं. १९८९ला स्थापन झालेलं हे विद्यापीठ, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद, आणि मराठीतून शिकायची सोय. ज्यांची इंग्रजीशी फारशी गट्टी नाही त्यांनी याचा विचार आधी करावा, त्यात कमीपणा काही नाही. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता असेल तर दूरस्थ पद्धतीची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते. मान्यता आहे की नाही, हे जाहिरातीवरून ठरवू नका, यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर बघा.

मी इग्नू घेतलं, त्याचं कारण कॅलेंडर. आमच्या ऑफिसात दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची. जुलै म्हणजे इन्कम टॅक्स, सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे ऑडिट. त्या दिवसांत घरी जेवायला वेळेवर पोचले तरी खूप. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जूनला धावपळ सुरू होत असते, पण शिगेला पोचलेली नसते, आणि डिसेंबर त्यातल्या त्यात मोकळा. गुणांतले ३० टक्के स्वाध्यायांचे, ते घरी बसून लिहायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तीन वर्षांची पदवी पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. माझ्या तिसऱ्या वर्षाला मुलीची दहावी येणार. त्या डिसेंबरला पेपर कमी द्यायचे आणि बाकीचे तिच्या बोर्डाच्या परीक्षेनंतर जूनमध्ये, हे आत्ताच ठरवून टाकलंय.

माध्यम इंग्रजी घेतलं. माझं शिक्षण मराठीतून, बारावीला ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ मराठीतच लिहिलं. पण ऑफिसातल्या लेजरपासून जीएसटीच्या पोर्टलपर्यंत रोजचा शब्द इंग्रजी आहे, त्यामुळे तेच हाताला वळण आहे.

कागदपत्रांचं मात्र जपून करा, विशेषतः बायकांनी. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नावही बदलतं आणि आडनावही. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. आता दूरस्थ शिक्षणासाठी यूजीसीच्या त्याच दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो. तो एबीसी आयडीला, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याला, जोडलेला, आणि एबीसी डिजिलॉकरमधून आधारला. सगळीकडे एकच नाव हवं. लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवली की धावपळ वाचते. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात हे करायला जाऊ नये.

घरच्यांबद्दल लिहायलाच हवं. मुलाचा गृहपाठ आता नवरा घेतो, अगदी गणितही. सासूबाईंना कसं सांगावं याची मला काळजी होती. त्या माळ घेऊन बसल्या होत्या. ऐकून एवढंच म्हणाल्या, “अगं, सेवासदन काय काल निघालं का? बायका संसार सांभाळूनच शिकायला जायच्या तिथे.” रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं ते १९०९ साली. आपल्या कर्वे रोडवर महर्षी कर्व्यांनी १९१६ला स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचं आवार आजही आहे. मोठ्या वयाच्या बाईने दप्तर उचलणं या शहराला नवं नाही, हे मला माझ्या सासूबाईंनी आठवण करून दिलं. त्यानंतर त्यांनी संध्याकाळच्या पोळ्या आपल्याकडे घेतल्या, कोणी सांगितलं नसताना.

आमच्याच बिल्डिंगमधली एक मैत्रीण सध्या याच विचारात आहे. तिला वकील व्हायचंय आणि घरचे म्हणतात, दूरस्थ एलएलबी कर. मैत्रिणींनो, तसलं एलएलबी करून वकिली करता येत नाही, बार कौन्सिलला ते चालत नाही. वर्गात बसूनच शिकावं लागतं, बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, आणि आधी सीईटी ही प्रवेश परीक्षा. तिला मी म्हटलं, हवं असेल तर तेच कर, फक्त घरच्यांना हजेरीची अट आजच सांग. ती सीईटीची पुस्तकं बघायला शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाणार आहे. मीही बरोबर जाणार, मला सरावाची उदाहरणं असलेलं जुनं पुस्तक हवंय, घसाऱ्याचं प्रकरण नीट दिलेलं.