आमची वाटचाल: पंखांच्या गोधड्या

आमचा धंदा काय, हे मिरजेला आईला समजावून सांगायला मला दोन फोन लागले. "विमानाच्या पंखांना गोधड्या शिवते" म्हटल्यावर ती म्हणाली, "का गं, विमानाला थंडी वाजते होय?"

थंडी नाही, ऊन लागतं. रिमोटवर उडणाऱ्या मोठ्या विमानांचे पंख सुटे करून गाडीतून न्यावे लागतात. आत बाल्सा लाकडाचा हलका सांगाडा, वर इस्त्रीने ताणून बसवलेली रंगीत फिल्म. बंद गाडीत फिल्म तापली की तिला सुरकुत्या पडतात, आणि दोन पंख एकमेकांवर घासले की ओरखडे. म्हणून बाहेरून चंदेरी, आतून मऊ आणि मधे पडदा असलेल्या पिशव्या आम्ही शिवतो. आम्ही म्हणजे मी, माझ्यासोबत दोघीजणी, आणि शनिवार-रविवारी स्पर्धा नसेल तर पॅकिंगला बसवलेला नवरा.

आम्ही इंडियानातल्या कोलंबसला राहतो. हे कमिन्स या इंजिन कंपनीचं गाव, त्यामुळे इथे कोथरूड सोडून आलेली माणसं पुष्कळ. नवऱ्याला नोकरी होती, मला व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. पहिली दोन-अडीच वर्षं मी लायब्ररीत जाऊन क्विल्टिंग शिकले. शिकले म्हणजे काय, धावदोरा मला आईने दहाव्या वर्षी शिकवला होता, इथे त्याला फक्त मोठं नाव होतं.

नवऱ्याचा छंद विमानांचा. 'एक्स्ट्रा' नावाच्या कसरतीच्या विमानाची ६० इंची इलेक्ट्रिक प्रतिकृती होती त्याच्याकडे. शेपटी खाली करून ते प्रोपेलरवर लटकवत ठेवायचं, जमिनीला घासून न्यायचं, असले खेळ तो करायचा आणि बघणारे टाळ्या वाजवायचे. क्लबमधले एक आजोबा मात्र खुर्चीतून उठायचे नाहीत. एकदा म्हणाले, "एक लूप काढून दाखव. गोल." लूप म्हणजे आकाशात उभं वर्तुळ. नवऱ्याने काढला. तो अंड्यासारखा होता. दुसरा काढला, तो वाऱ्याने ढकलून तिरका केलेल्या अंड्यासारखा. त्या संध्याकाळी जेवताना तो फारसा बोलला नाही.

स्केल एरोबॅटिक्सची, म्हणजे प्रतिकृती विमानांच्या कसरतींची स्पर्धा म्हणजे तोच लूप, पण गुण देणाऱ्यांसमोर. इथे तिला सगळे 'आयमॅक' म्हणतात, इंटरनॅशनल मिनिएचर एरोबॅटिक क्लबच्या आद्याक्षरांवरून. या क्लबची मूळ संस्था अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स. तिचं मुख्यालय आमच्यापासून दोनेक तासांवर मन्सी गावात आहे, आणि तिथलं मैदान हजार एकरांच्या वर. पाच वर्ग असतात: बेसिक, स्पोर्ट्समन, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड, अनलिमिटेड. दरवर्षी प्रत्येक वर्गाला आकृत्यांची, म्हणजे लूपसारख्या कसरतींची, नवी मालिका मिळते. प्रत्येक आकृती १० गुणांवरून सुरू होते आणि चूक दिसेल तसा अर्धा-अर्धा गुण कापला जातो. त्याला आकृतीच्या अवघडपणाचा आकडा, म्हणजे के-फॅक्टर, गुणायचा.

लोक सगळ्यात आधी विचारतात, "किती मोठं विमान घ्यावं?" बेसिकमध्ये कुठलंही चालतं. खऱ्या एरोबॅटिक विमानाची प्रतिकृती, कॉकपिटमध्ये वैमानिकाचा पुतळा, समोर डायल, हे सगळं स्पोर्ट्समनपासून. (आमच्या पुतळ्याला मी लोकरीचा मफलर विणला आहे. त्याचे गुण मिळत नाहीत.) नवऱ्याने पहिलं अख्खं वर्ष त्या ६० इंची विमानावरच काढलं. विमान नवं घेतलं नाही, फक्त त्याची मांडणी बदलली. रेट्स कमी केले, म्हणजे रिमोटची काडी पूर्ण ढकलली तरी पंख-शेपटीचे हलते भाग आधीच्या निम्म्यानेच हलतील. एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या, बिजागरीची फट पारदर्शक फिल्मने बंद केली. सरळ वर नेल्यावर ते डावीकडे झुकत होतं, म्हणून मोटरखाली वॉशर घालून तिचं तोंड किंचित उजवीकडे वळवलं. अशा एकेका गोष्टीसाठी आठ-दहा उड्डाणं.

त्यात मी आले ती 'कॉलर' म्हणून. पायलटची नजर विमानावरून हलत नाही, त्यामुळे पुढची आकृती कोणती ते शेजारी उभं राहून कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. आकृत्या लिहिलेल्या असतात अरेस्तीच्या लिपीत. होसे लुईस अरेस्ती हे स्पेनचे वैमानिक, खऱ्या विमानांच्या कसरतींसाठी त्यांनी ही चिन्हं बसवली. ठिपक्यापासून आकृती सुरू, आडव्या रेघेला उभी छोटी दांडी आली की संपली. तुटक रेघ म्हणजे विमान उलटं. बाण रेघेच्या आरपार गेला तर पूर्ण रोल, म्हणजे विमानाची स्वतःभोवती एक गिरकी, एकाच बाजूला असला तर अर्धा. मला हे आठवड्यात आलं. विणकामाचे नमुने वाचणारीला यात नवं काय होतं?

ओहायोतल्या पहिल्या स्पर्धेत वाऱ्याने माझ्या हातातला कागद दुमडला आणि चौथ्या आकृतीनंतर मी थेट सहावी वाचली. नवऱ्याने मुकाट्याने सहावी काढली. पाचवीला भोपळा. गाडीत परतताना तो म्हणाला, "असू दे, पाचवी मला तशीही येत नव्हती." तो ते चांगुलपणाने बोलला, पण मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जुन्या टेबलक्लॉथचा पारदर्शक तुकडा कापून गळ्यात अडकवायचा कप्पा शिवला. कागद आत, बोट वर. पुढच्या स्पर्धेत तिघांनी विचारलं, कुठे मिळाला? आमचा पहिला विकलेला माल हा. १२ डॉलरला एक.

पंखांच्या पिशव्या त्यानंतरच्या. २०१६ साली माझं वर्क परमिट आलं आणि तेव्हाच नवऱ्याने ८८ इंची विमान घेतलं, ५० सीसी पेट्रोल इंजिनाचं. त्याचे पंख मी घरच्या दोन रजयांत गुंडाळून नेले. ते बघून एकाने पिशवीची ऑर्डर दिली. मी ६० डॉलर सांगितले. चंदेरी कापड, गाडीच्या छताला आतून लावतात ते फोमचं कापड, चेन, पट्टे, एवढ्यालाच ४८ गेले. मजुरीचा हिशेब करायचा असतो हे मला पुढच्या वर्षी टॅक्स भरताना कळलं.

पहिल्या दहा पिशव्यांत घोटाळा झाला. तोंड बंद करायला वेल्क्रो लावलं होतं आणि काट्यांची बाजू आतल्या अंगाला. पंख आत सरकवताना प्रत्येक वेळी काटे फिल्मवरून जायचे. एका गिऱ्हाइकाने नव्याकोऱ्या पिवळ्या पंखाचा फोटो पाठवला, मांजराने नखं मारल्यासारखा. त्याला पैसे परत केले, फिल्मचा रोल दिला, आणि बाकी नऊ जणांना मीच फोन करून पिशव्या मागवून घेतल्या. आता वेल्क्रो नाही, चेन आहे, आणि तिच्या आतून कापडाची पट्टी. दुसरी अडचण हॉर्नची. एलेरॉनच्या खालच्या अंगाला त्याला हलवणारे छोटे दांडे, कंट्रोल हॉर्न, टोचण्यासारखे बाहेर आलेले असतात आणि ते कापड फाडतात. तिथे आम्ही जाड कॉर्ड्युराचं ठिगळ लावतो. प्रत्येक विमानाचे हॉर्न वेगळ्या जागी, त्यामुळे प्रत्येक मॉडेलचा कागदी पॅटर्न वेगळा. भिंतीवर आज ४३ पॅटर्न टांगलेत. घरच्या मशीनची सुई फोमच्या दोन थरांत मोडायची, म्हणून सेकंडहँड जुकी कंपनीचं मशीन घेतलं, वॉकिंग फूटचं, म्हणजे जाड थर वरूनही पुढे ओढणारं. त्याचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली तेव्हा गॅरेजचं घर शोधलं.

२०२० मध्ये स्पर्धा बंद, ऑर्डरी बंद. त्या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, जुकीचा हप्ता नव्हता हे नशीब.

धंद्यातली माझी एक खोड नवऱ्याला पटत नाही. फोनवर कुणी नवशिका असला तर मी त्याला पिशवी विकत नाही. आधी विचारते, स्पर्धा बघितलीस का? एखाद्या शनिवारी जा आणि परीक्षकाशेजारी बसून गुण लिहून घे. ते "साडेसात" म्हणतात तेव्हा आकाशात नेमकं काय वाकडं झालं ते दिसायला लागतं. ही लिहिणारी माणसं आयोजकांना नेहमी कमी पडतात, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. मग आधी आहे त्या विमानावर बेसिक. स्पोर्ट्समनला गेलास की 'अननोन' येतं. न बघितलेली मालिका आदल्या संध्याकाळी हातात देतात, सराव करायला परवानगी नाही. रात्री मोटेलच्या पार्किंगमध्ये मोठमोठी माणसं काडीला लावलेलं फोमचं विमान हातात धरून गोल फिरत असतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनी हळूच विचारलं, "यांना काही लागलंय का?"

मागच्या मोसमात पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या नाशिकच्या एका मुलाचा फोन आला. "काकू, पिशवी केवढ्याला?" त्याचं विमान ६० इंची, त्याला पंख सुटे करायचीही फारशी गरज नव्हती. मी म्हटलं, पैसे ठेव, बॅटरीचा आणखी एक पॅक घे. आणि स्पर्धेला ये, वाचायला मी उभी राहते.

तो आला. मागच्या सीटवरून त्याने पंख उचलले ते सोलापुरी चादरीत गुंडाळलेले, हिरव्या-लाल चौकड्यांच्या. हॉर्नमध्ये चादरीचे धागे अडकले होते, ते मी कात्रीने सोडवून दिले. पहिल्या फेरीत त्याचे हात इतके थरथरत होते की हॅमरहेडला (सरळ वर जायचं, वेग संपत आला की शेपटीच्या रडरने बाजूला वळून सरळ खाली यायचं) विमानाचा वेग संपायच्या आधीच त्याने रडर मारलं. परीक्षकाने साडेतीन दिले. उतरल्यावर त्याने पाणी प्यायलं, बॅटरी बदलली आणि विचारलं, "काकू, हॅमरहेडच्या आधी जरा आवाज चढवून 'थांब' म्हणाल?"

दुसऱ्या फेरीला म्हटलं.