आमची वाटचाल : अकरा हजार प्रयत्नांचा पिन

क्रिंपिंग टूल, केबल टेस्टर आणि एक जुना लॅपटॉप एवढ्या भांडवलावर भागीदारासह मी २००९ साली पुण्यात घरगुती नेटवर्कची कामे घेऊ लागलो. पुढे कामे वाढली, माणसे वाढली. सर्व पणाला लागले ते २०१७ मध्ये.

कर्वेनगरच्या एका सोसायटीत राउटर, कॅमेरे आणि मोबाइलवरून चालणारे प्लग आम्हीच बसवले होते. तेथे एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरातील दिवे रात्री-अपरात्री लागू लागले. पासवर्ड दोनदा बदलूनही प्रकार थांबेना, तेव्हा एका स्पर्धकाने ‘यांचीच माणसे पासवर्ड बाहेर देतात’ असे कमिटीच्या कानावर घातले आणि तीन महिन्यांत चार सोसायट्यांची देखभाल आमच्या हातून गेली. पगारासाठी घरातले सोने गहाण ठेवावे लागले. तो आरोप मी आजही विसरलेलो नाही.

बाईंनी मात्र राउटर काढून आमच्या हाती दिला आणि कारण सापडेपर्यंत दुसऱ्या कोणाला घरात घेणार नाही, असे सांगितले. दोष डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने उपकरण राउटरला जोडण्याच्या सोयीत होता. स्टिकरवरील आठ आकडी पिनचा शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असल्याने शक्यता एक कोटी उरायला हव्यात. परंतु राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासून ते बरोबर आहेत की नाहीत हे आधीच कळू देतो, त्यामुळे दहा हजार आणि एक हजार मिळून फार तर अकरा हजार प्रयत्न पुरतात, आणि पिन जुळला की बदललेला पासवर्डही राउटर स्वतःच सांगून टाकतो. एकदा आत शिरलेल्याला ते प्लग काही विचारतच नव्हते. सुरक्षा संशोधक श्टेफान फीबॉक यांनी हा दोष डिसेंबर २०११ मध्येच जाहीर केला होता. तो वेळेवर वाचला नाही, ही चूक माझी. आम्ही लॅपटॉपवर हे पिन एकामागून एक आजमावणारे ‘रीव्हर’ सॉफ्टवेअर रात्रभर चालवले आणि सकाळी पडद्यावर आमचाच नवा पासवर्ड उमटला. बाई सेक्रेटरींना घेऊन तो पाहायला आल्या.

या धंद्यातील नव्या मुलांनी डब्ल्यूपीएस बंद करून थांबू नये, बाहेरून तपासावे. काही राउटर सेटिंगमध्ये ‘बंद’ दाखवूनही पिनला उत्तर देत राहतात. कॅमेरे आणि प्लग गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरच्या मुख्य नेटवर्कपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवावेत.

दोन सोसायट्या परत आल्या. उरलेल्या दोन त्या स्पर्धकाकडेच आहेत, आणि तेथील राउटरांवरचे डब्ल्यूपीएस मी शेवटचे पाहिले तेव्हा चालूच होते.