समुद्र शेजारी, पाऊस फरार

आपल्याकडे किनारा म्हटलं की पाऊस आलाच, शेवाळ आलं, न वाळणारे कपडे आले. म्हणून स्पेनच्या आग्नेय टोकाचा आल्मेरिया प्रांत मला जाम गमतीशीर वाटतो. लांबच लांब किनारा, समोर भूमध्य समुद्र, आणि आल्मेरिया शहरात वर्षाचा पाऊस किती, तर जेमतेम 200 मिलीमीटर! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 कोसळला होता, त्यात यांची चार वर्षं आरामात निघाली असती.

कारण माण-खटाववाल्यांना समजावून सांगायलाच नको. पावसाचे वारे येतात पश्चिमेकडून, अटलांटिकवरून, आणि वाटेत सिएरा नेवादा आडवा, जवळजवळ साडेतीन हजार मीटरची शिखरं, ढग तिथेच रिकामे होतात. डोंगराच्या या बाजूला उरतं ते ऊन. ताबेर्नासला तर चक्क वाळवंट आहे, साठच्या दशकात सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने सिनेमांसाठी तिथे काउबॉय दौडवले आणि ते बिनबोभाट अमेरिका म्हणून खपलं.

मला खरं नवल वाटतं ते माणसांचं. एकेकाळी इथले लोक पोटासाठी अल्जीरिया, बार्सेलोना, जर्मनी गाठायचे, 1970 च्या सुमारास प्रांतात पावणेचार लाखांच्या आसपास वस्ती होती, आज ती साडेसात लाखांच्या घरात आहे. डबल! आणि पाऊस काही वाढलेला नाही हां. झालं असं की जमिनीखालचं पाणी उपसून, शेणखतावर वाळूचा थर पसरून, वर प्लास्टिक ताणून लोक ऐन थंडीत टोमॅटो नि ढोबळी मिरची काढायला लागले, जानेवारीतही सरासरी 12-13 डिग्री, मग हीटर कशाला लागतोय. आता एल एहिदो या गावाच्या बाजूने तीसेक हजार हेक्टर नुसती पॉलिहाऊस, सॅटेलाइट फोटोत पांढराफेक डाग दिसतो. उन्हाळ्यात छतावर पांढरा चुना मारतात, त्यावरून एवढं ऊन परत जातं की तिथलं तापमान थोडं उतरल्याचं संशोधकांनी मोजलंय.

आत राबणारे पुष्कळसे मोरोक्कोतून आणि त्याच्याही खालच्या आफ्रिकेतून आलेले, त्यातले कितीतरी अजून प्लास्टिक-फळ्यांच्या झोपड्यांत राहतात, युरोपभर स्वस्त सॅलड जातं ते यांच्या जिवावर. आणि पाणी तर उपसून उपसून खाली गेलंय, काही ठिकाणी खारं झालंय. म्हणून कार्बोनेरासला समुद्राचं पाणी गोडं करायचा भलामोठा प्लांट उभा केलाय, पण ते पाणी महाग पडतं, त्यामुळे विहिरींचे पंप काही बंद होत नाहीत.